पडद्यामागची लिली टीचर

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. घरातल्या कॅरीबॅगांसारखे ते आपोआप साठतात. एक ओढायला जावं तर दहा बाहेर येतात. मी, शबाना आणि काकडे सर असे तिघं जालन्यात कधी भेटलो की हेच होतं. चहा येईपर्यंत आम्ही हसत असतो आणि चहा संपेपर्यंत तिघांचीही तोंडं कडू झालेली असतात. शबाना म्हणते, "आपल्या किश्शायला साखर कमीच पडती गं."

आम्ही तिघं व्हिएतनाममधल्या बालवाडीच्या पोरांना इंग्रजी शिकवायचो. तेही जालन्यात बसून! एमआयडीसीत एका बियाण्यांच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर प्लायवूडच्या तीन खोल्या होत्या. तिकडं साडेआठ वाजले की आपल्याकडे सात वाजतात. तिकडच्या वर्गात भिंतीवर मोठा स्क्रीन आणि पुढं चार-पाच वर्षांची पोरं बसलेली. इकडं कॅमेरा, त्याच्यासमोर समुद्राचं चित्र असलेला निळा पडदा आणि पडद्यामागं स्टुलावर आम्ही. पडद्याच्या वर दिसायची फक्त हातात घातलेली बाहुली. माझ्या हातात ससा होता, शबानाच्या मगर आणि सरांच्या हत्ती. मला पोरं मांडीवरच्या मोबाईलवर दिसायची. पोरांना मी कधीच दिसत नव्हते.

आता ते सेंटर बंद झालंय. वर पुन्हा बियाण्यांच्या गोण्या लागल्यात. पडद्याचं काय झालं, मला माहीत नाही.

*

सेंटरचे मालक संतोषभाऊ. त्यांचं आणि आमचं गाव एकच, मंठा तालुक्यातलं. त्यांचं घर मारुतीच्या पाराजवळ, आमचं ओढ्यापलीकडं, बुद्धविहाराच्या शेजारी. गावात आमच्या घरापर्यंत ते कधी आले नसतील. पण इंटरव्ह्यूला मी गावाचं नाव सांगितल्याबरोबर म्हणाले, "म्हंजे आपल्या गावचीच पोरगी की!"

मग त्यांनी मला लहान मुलांची एक इंग्रजी गोष्ट वाचायला दिली. मी वाचत होते तोवर त्यांचं लक्ष मोबाईलमध्ये होतं. दोन पानं झाली आणि त्यांनी मोबाईल खाली ठेवला.

"आवाज लई ब्येस हाय तुझा. बिलकुल फॉरेनवाला."

मला बरं वाटलं. मग त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं.

"पण चेहरा कसा, आपल्या मराठवाड्याचा हाय. तिकडच्या पोरायला गोरा मास्तर लागतो. थांब, काही तरी करू."

ते 'काही तरी' म्हणजे पडदा. वेबसाइटवर सोनेरी केसांच्या एका बाईचा फोटो लागला आणि त्याखाली नाव आलं, टीचर लिली. एम.ए. बी.एड. झालेली सावळी प्रज्ञा त्या दिवसापासून लिली झाली. बारशाला पेढेसुद्धा वाटले नाहीत.

मी उठून जायला हवं होतं, असं लोक म्हणतात. लोकांना म्हणायला काय जातं? शिवाय भाऊंनी जाता जाता एक गोष्ट सांगितली होती. वर्ष भरलं की तिकडच्या शाळेत एका टीचरला पंधरा दिवस बोलावणार होते. ज्याच्या वर्गाची पोरं चांगली बोलतील, तो जाणार. नोकरीपेक्षा मला ते पंधरा दिवस हवे होते. पोरांसमोर एकदा उभं राहायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वर्षभर हात दुखायला लागला की मी तेच आठवायचे.

*

काकडे सर मंठ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि हातात हत्ती. त्यांना पडद्याचं काही वाटत नसे. ते म्हणायचे, "प्रज्ञाबाई, तीस वर्षं पोरांनी माझं तोंड पाह्यलं, त्याचा काही उपयोग झाला का?"

एकदा सकाळच्या कामांचा धडा होता. स्क्रीनवर चित्र आलं, एक मुलगा दात घासतोय आणि शेजारी नळ धो धो वाहतोय. धड्यात एवढंच होतं की मुलगा दात घासतो आहे. पण जालन्यात नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. ज्या सकाळी येतं त्या सकाळी आख्खी गल्ली कामधंदा सोडून हंडे-बादल्या घेऊन पळते. सरांना त्या मुलाचे दात दिसेचनात.

"नळ कुणी उघडा ठेवला?" हत्तीनं इंग्रजीत विचारलं.

"आधी नळ बंद करा. मग पुढं जाऊ."

चित्रातला नळ पोरं बंद करणार कशी? एक मुलगी उठून स्क्रीनवर हात दाबून आली. एक मुलगा वर्गाबाहेरच्या बेसिनपर्यंत पळाला आणि तो नळ बंद आहे असं सांगून आला. पूर्ण तास हत्ती त्या चित्रावरून हलला नाही.

दुसऱ्या दिवशी तिकडून मेसेज आला. मुलं घरी बापाच्या मागं उभी राहतात आणि दाढी करताना नळ बंद करतात, पालक खूश आहेत. भाऊ मात्र वैतागले.

"सर, सिलॅबसमधी न्हाई ते शिकवू नका."

सर म्हणाले, "भाऊ, पगार तुमचा घेतो, पण वाहता नळ पाहून पुढं सरकायचं मला जमणार न्हाई."

आमच्या सगळ्या किश्शांत गोड म्हणावा असा हा एकच.

*

पोरं तिकडं नाश्त्याचे डबे उघडायची आणि एकेक घास स्क्रीनपुढं धरून बाहुल्यांना भरवायची. बाहुलीनं तोंड हलवून "यम यम" करायचं, आणि पोरानं पदार्थाचं इंग्रजी नाव सांगायचं. भाऊंचा नियमच होता तसा.

रमजानात शबानाचे रोजे होते. पहिल्या दिवशी पोरानं मगरीपुढं केळं धरलं आणि शबानाचा हात काही उघडेना. मगर तोंड मिटून बसली. पोरानं विचारलं, मगरीला बरं नाही का?

"तसं न्हाई रे राजा," शबाना पटकन इंग्रजीत म्हणाली, "मगरीचा उपास आहे. ती संध्याकाळी खाणार."

दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गानं डबा उघडला नाही. मगर खाईल तेव्हा आम्ही खाऊ! तिकडं वर्गात पोरांजवळ असणाऱ्या ताईला त्यांची समजूत घालता घालता घाम फुटला.

भाऊंनी शबानाला बोलावून झाडलं. "हे बघा, मगरीला धर्म नसतो."

शबाना शांतपणे म्हणाली, "बराबर हाय भाऊ. मंग गणपतीत सशाला आरती काहून म्हणायला लावली?"

ते खरं होतं. गणपतीत भाऊंनी जाहिरातीसाठी व्हिडिओ काढला होता. ससा आरती म्हणतोय, टाळ्या वाजवतोय. त्या सशाच्या आत माझा हात होता. आमच्या घरात आरती आजोबांच्या काळापासून बंद आहे. पण सशाला कोण विचारतंय?

*

सेंटर सुरू होऊन सहा महिने झाले म्हणून भाऊंनी सत्यनारायण घातला. भाऊंच्या आई गावाहून आल्या होत्या. पूजा खाली गोदामात चालू होती आणि वर माझा तास चालू होता, कारण तिकडं सुट्टी नव्हती.

गुडघे धरत धरत म्हातारी जिना चढून आली आणि माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. तिला दिसत होता पडदा आणि ससा. मी पोरांना झोपाळ्याचं गाणं शिकवत होते. तास संपला तेव्हा पलीकडून आवाज आला, "माय माय, कसा गोड गळा हाय लेकराचा. सरस्वतीच बसलीय जणू. कुणाची गं पोरगी तू?"

मी पडदा सारून बाहेर आले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, हसल्या, आणि विचारलं, "आडनाव काय बाई?"

मी सांगितलं. गावाच्या माणसाला आडनाव सांगितलं की पत्ता वेगळा सांगावा लागत नाही.

त्यांच्या हातात प्रसादाचा द्रोण होता. त्या हसतच होत्या, हसणं त्यांनी कमी केलं नाही. फक्त हात वर गेला. माझ्या ओंजळीत प्रसाद वरून पडला आणि थोडा जमिनीवर सांडला.

खाली गेल्यावर भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "आई जुन्या वळणाची हाय. मनावर घेऊ नको."

मी म्हणाले, "भाऊ, मनावर नको तर कशावर घेऊ?"

ते हसले. त्यांना तो विनोद वाटला. मला त्या दिवशी घरी जाऊन जेवण गेलं नाही. म्हातारीचा आला नाही इतका राग मला तिच्या हसण्याचा आला.

*

मिन नावाचा एक पोरगा होता माझ्या वर्गात. गोल चेहरा, कपाळावर सरळ कापलेले केस. सगळी पोरं सशाकडं बघायची, तो पडद्याकडं बघायचा. मान वाकडी करून स्क्रीनच्या बाजूनं आत डोकवायचा. स्क्रीनच्या बाजूला तिकडची भिंत असणार, पण त्याला ते पटायचं नाही.

एकदा पोरांना 'माझी टीचर' हे चित्र काढायला सांगितलं. चित्रांचे फोटो सेंटरच्या ग्रुपवर आले. सगळे ससेच ससे. फ्रॉक घातलेला ससा, चष्मा लावलेला ससा, लिपस्टिक लावलेला ससा. मिनच्या चित्रात ससा नव्हताच. त्यानं निळा पडदा काढला होता आणि पडद्याच्या खाली दोन पाय. तपकिरी रंगाचे, अंगठ्याच्या चपलेतले.

पडदा जमिनीपासून वीतभर वर होता, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी ते चित्र मोबाईलवर कितीदा पाहिलं असेल. माझे पाय कुणी तरी काढले होते! माझं नाव, माझा चेहरा त्याला माहीत नव्हता, पण मला त्यानं बरोबर तपकिरी रंगवलं होतं. मी शबानाला दाखवलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "चप्पल पण बराबर काढली बघ त्यानं."

भाऊंनी चित्र मोठं करून पाहिलं आणि खाली हाक मारली. गड्यानं रिकामी गोणी आणून पडद्याच्या खालच्या काठाला टाचली. कपाशीच्या संकरित बियाण्याची गोणी होती. त्यावर लाल अक्षरात छापलेलं होतं, 'शुद्धतेची खात्री'.

"आता कसं," भाऊ म्हणाले, "आता बिलकुल कळायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मिननं बराच वेळ गोणीकडं पाहिलं. मग तो पहिल्यांदाच सशाकडं बघायला लागला.

*

वर्ष भरत आलं. माझी पोरं सगळ्यात चांगली बोलत होती, हे सर आणि शबाना दोघंही कबूल करत. मी पासपोर्ट काढायला टाकला. माझे बाबा स्टीलच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीवर आहेत, त्यांनी आख्ख्या शिफ्टला सांगून टाकलं. आईनं तिळाची चटणी करायची ठरवली, परदेशात काय मिळतं काय नाही म्हणून.

चौकशीला पोलीस घरी आला. चहा घेतला, घर पाहिलं, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पाहिला.

"व्हिएतनामला? तिकडं काय, कामाला चालली का कुणाच्या घरी?"

बाबा म्हणाले, "शिकवायला चालली."

"कुणाला?"

"तिकडच्या लोकायच्या लेकरायला."

पोलिसानं बाबांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि लिहिता लिहिता म्हणाला, "इंग्रजी येतं का पण?" बाबा असे हसले की मला त्यांची दया आली. इतकं आनंदानं हसलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

पासपोर्ट आला. फोटोत माझा चेहरा अगदी स्वच्छ दिसतो.

*

पुढच्याच आठवड्यात भाऊंनी आम्हाला बोलावलं. तिकडच्या बालवाडीच्या मुख्य हान मॅडम भारतात येणार होत्या. त्या जालन्याला येऊन लिली टीचरला भेटतील आणि तिकडं यायचं आमंत्रण स्वतः देतील.

"मग भाऊ," मी विचारलं, "मी काय तयारी करू?"

भाऊंनी खिडकीबाहेर पाहिलं. "त्याचं असं हाय प्रज्ञा, मी पुण्याहून एका पोरीला बोलावलंय."

तिचं नाव मोना. साड्यांच्या जाहिरातीत काम करायची. गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची, आणि खरं सांगते, स्वभावानं वाईट नव्हती. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "ताई, मला इंग्लिश येत नाही हो. मला सांगितलं फक्त बसायचंय."

"आणि मी?" मी भाऊंना विचारलं.

"तू हाय ना आपली. गावची पोरगी. त्या दिवशी चहाचं तेवढं तू बघ. पण एक ध्यानात ठेव, त्यायच्यापुढं तोंड उघडू नको. आवाज वळखतील."

वर्षभर चेहरा लपवला होता. आता आवाजही लपवायचा होता. म्हणजे मी शिल्लक काय राहिले, हे मला त्या क्षणी खरंच कळलं नाही. शबाना म्हणाली, "नको येऊ त्या दिवशी." पण मला मॅडमला बघायचं होतं. माझ्या पोरांना रोज बघणारं माणूस मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून मी गेले.

*

मॅडम आल्या तेव्हा पडदे काढून टाकलेले होते. भाऊंनी नवा सोफा आणला होता. त्यावर मोना बसली होती आणि तिच्या मांडीवर माझा ससा. काकडे सरांना कोट घालून प्रिन्सिपॉल केलं होतं, कारण भाऊंचं इंग्रजी 'वेलकम'च्या पुढं जात नव्हतं. मी दाराशी ट्रे घेऊन उभी होते.

मॅडम ठेंगण्या, साठीच्या. हळू आणि नीट इंग्रजी बोलायच्या. त्यांनी मोनाचे दोन्ही हात हातात घेतले. मोनाचा घसा बसलाय, असं सरांनी भाऊंच्या वतीनं सांगितलं. मॅडमनी लगेच पर्समधून गोळ्यांची स्ट्रिप काढली आणि एक तिच्या हातावर ठेवली. मोनानं ती निमूट चघळली.

सगळं सुरळीत चाललं होतं. मी चहा दिला. सर तिकडचं इकडं, इकडचं तिकडं करत होते. मग मॅडमनी कप हातात घेतला आणि म्हणाल्या, एक गोष्ट वर्षभर विचारायची होती.

त्या जे बोलल्या ते मी शब्दन् शब्द ऐकलं. सरांनीही ऐकलं. सरांनी कोटाचं बटण काढलं, पुन्हा लावलं, आणि भाऊंना म्हणाले, "भाऊ, हे माझ्या इंग्रजीत बसत न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे मी सांगणार न्हाई. प्रज्ञाबाईला विचारा."

मॅडम वाट पाहत होत्या. भाऊंना दुसरा इलाजच नव्हता. "प्रज्ञा, काय म्हणून राह्यल्या त्या? जल्दी सांग, मराठीत."

मी मराठीत सांगितलं. "त्या म्हणतात, आम्ही तर तुमच्याकडं भारतातली टीचर मागितली होती. पडदा आम्ही मागितला नव्हता, आणि वेबसाइटवरचा फोटो आम्हाला खरा वाटला नाही. वर्षभर पडदा पाहून आम्हाला वाटलं, टीचरच्या चेहऱ्याला काही अपघात झाला असेल, भाजला असेल. म्हणून आम्ही पोरांना बजावलं, की टीचरच्या तोंडाबद्दल कधी काही विचारायचं नाही, तिला वाईट वाटेल. आणि ही तर इतकी सुंदर आहे. मग पडदा कशाला होता?"

मोनानं ससा मांडीवरून उचलून बाजूला ठेवला. भाऊंनी कपाळ पुसलं.

"सांग त्यायला... सांग, की आमच्याकडं तसा रिवाज हाय."

"हेच सांगू?"

"हेच सांग. जल्दी."

मी ट्रे टेबलावर ठेवला आणि मॅडमकडं पाहून इंग्रजीत सांगितलं, "हे म्हणतात, की आमच्याकडं तसा रिवाज आहे."

मॅडमनी कप खाली ठेवला. त्या मोनाकडं बघत नव्हत्या. बराच वेळ त्या माझ्याकडं बघत राहिल्या, मग माझ्या पायांकडं, मग टेबलावरच्या ट्रेकडं. आणि अगदी हळू आवाजात त्यांनी मला एक छोटा प्रश्न विचारला.

मी भाऊंकडं वळले.

"भाऊ, मॅडम विचारतात, हा रिवाज कुणासाठी हाय? काय सांगू?"